पहिली नेमणूक आणि पुढचे १०५ महिने

महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या तक्त्यात एक रकाना असतो : नेमणुकीच्या वेळचं वेतन. २०१५ साली त्या रकान्यात मी १२,००० भरले, शेजारी संस्थेचं नाव लिहिलं आणि नेमणूकपत्राची झेरॉक्स फाइलला लावली. ग्रामीण व नागरी समुदाय विकास हे स्पेशलायझेशन घेऊन एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) झालेली ती विद्यार्थिनी त्या दिवसापासून आमच्या महाविद्यालयाच्या हिशेबात 'लागली'. त्यानंतर तिचं काय झालं हे आम्हाला कोणीही विचारलं नाही. तक्त्यात तसा रकानाच नव्हता.

मी समाजकार्य महाविद्यालयात शिकवतो, क्षेत्रकार्य आणि प्लेसमेंट दोन्ही सांभाळतो. समुदाय विकासाच्या पदवीधरांना नोकरी मिळते का, असं पालक विचारतात तेव्हा मी बरीच वर्षं 'मिळते' एवढंच सांगत आलो. उत्तर खोटं नव्हतं, अपुरं होतं. किती अपुरं, ते मला या एका मुलीच्या कागदांवरून कळलं. तिच्या संमतीने, नाव आणि गावं गाळून, ते इथे मांडतो आहे.

ती जत तालुक्यातली. घरची चार एकर जिरायत, मार्चनंतर गावात टँकर. पहिल्या वर्षाच्या शेवटी स्पेशलायझेशन निवडायची वेळ आली, तेव्हा वर्गातल्या बहुतेक मुलांनी एचआर, म्हणजे मनुष्यबळ व्यवस्थापन, घेतलं. मी तिलाही तेच सुचवलं. ती म्हणाली, "सर, टँकरच्या मागं घागर घेऊन पळत लहानाची मोठी झालेय मी. मला त्याच कामात जायचंय." यावर मला काही बोलता आलं नाही, आणि त्या वेळी आनंदच झाला होता.

मुलं एचआरकडे का जातात, यावर आमच्या स्टाफरूममध्ये नैतिक सुरात बोललं जातं. ध्येयवाद संपला वगैरे. मला ते पटत नाही. मुलं नीट हिशेब करतात. १९४८ च्या कारखाने अधिनियमातलं ४९ वं कलम सांगायचं की ५०० किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमलाच पाहिजे; नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याच्या जागी आलेल्या संहितेत हा आकडा २५० आहे. त्याची पात्रता आणि सेवाशर्ती नियमांनी ठरतात. मालकाला समाजकार्याचं प्रेम असो वा नसो, पद निर्माण करावं लागतं. वैद्यकीय आणि मनोचिकित्सा समाजकार्याचंही तसंच. २०१७ च्या मानसिक आरोग्य अधिनियमात मनोचिकित्सा समाजकार्यकर्ता कोण, त्याचं शिक्षण काय, हे लिहिलेलं आहे. २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसायांच्या कायद्यातही या मंडळींना जागा मिळाली. समुदाय विकासवाल्याचा उल्लेख असा कुठल्याच कायद्यात नाही. वकिलांना बार कौन्सिल आहे, परिचारिकांना परिषद आहे. आमच्या पदवीची नोंद ठेवणारी वैधानिक परिषदच देशात नाही.

याची एक बाजू मला फार बोचते. पंचायत समितीच्या दारावर जी 'गटविकास अधिकारी' अशी पाटी असते, त्यातला 'गट' हा समुदाय विकासाचाच. २ ऑक्टोबर १९५२ रोजी ५५ प्रकल्पक्षेत्रांत समुदाय विकास कार्यक्रम सुरू झाला. विकास गट आले ते त्यातूनच, आणि ग्रामसेवकाचं पदही त्याच घडणीतलं. १९५७ साली बलवंतराय मेहता समितीने याच कार्यक्रमाचं मूल्यमापन करून पंचायतराज सुचवलं, आणि १ मे १९६२ ला महाराष्ट्रात जिल्हा परिषदा उभ्या राहिल्या. म्हणजे समुदाय विकासाच्या नावाने सरकारने अख्खी प्रशासकीय साखळी उभी केली. त्या साखळीत गटविकास अधिकारी व्हायला कुठलीही पदवी पुरते. ग्रामसेवकाच्या (२०२४ पासून ग्रामपंचायत अधिकारी) जाहिरातीत बीएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याची पदवी, असायची, पण ६० टक्क्यांची बारावी, अभियांत्रिकी पदविका आणि कृषी पदविका यांच्या रांगेत. आमची पदवी तिथे चालते, लागत नाही. एका पदवीधराचं पुढचं आयुष्य या दोन क्रियापदांत ठरतं.

माणमधले ३४ महिने

जून २०१५ मध्ये ती माण तालुक्यात एका स्वयंसेवी संस्थेच्या पाणलोट प्रकल्पावर रुजू झाली. पैसे एका कंपनीच्या सीएसआरचे. कंपनी कायद्याचं १३५ वं कलम १ एप्रिल २०१४ पासून लागू झालं होतं, मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करणं आलं होतं, आणि संस्थांमध्ये एकदम जाहिराती निघत होत्या. आमच्यासारख्यांना वाटलं, आता या मुलांचं भलं झालं.

जाहिरातीत 'स्वतःची दुचाकी आवश्यक' असं होतं. तिने मामांची जुनी गाडी घेतली. तीन गावं, शिवारफेऱ्या, गावनकाशे, घरोघरची माहिती, मग ग्रामसभा. पाणलोटाचं काम माथा ते पायथा चालतं. आधी डोंगरउतारावर समपातळी चर, मग नाल्यावर दगडी बांध, शेवटी खाली सिमेंट बंधारा. अडचण अशी की चर ज्याच्या रानात पडतात त्याला काही दिसत नाही आणि पाणी खालच्याच्या विहिरीला वाढतं. माथ्यावरच्या माणसाने खालच्यासाठी जमीन का उकरू द्यावी, या प्रश्नाचं उत्तर इंजिनिअरकडे नसतं. ते गावात बसून काढावं लागतं.

त्या उतारावर एका विधवा आक्कांचं दीड एकर माळरान होतं. त्या नाही म्हणाल्या. ही पुन्हा गेली. आक्का बोलल्याच नाहीत, शेळ्या सोडून निघून गेल्या. तिच्या डायरीत त्या घराच्या नऊ भेटी नोंदलेल्या आहेत, आणि सहाव्या भेटीपुढे फक्त एवढंच आहे : 'आज चहा दिला.' नवव्या वेळी आक्कांनी खरं कारण सांगितलं. नवरा गेल्यावर भावकीने बांध कोरून त्यांची जमीन आत घेतली होती. पुन्हा कुणी मापं घ्यायला रानात आलं की त्यांच्या पोटात गोळा यायचा. हिने तलाठ्याकडून सातबारा आणि नकाशा काढून दिला, आधी त्यांची हद्द पक्की केली, आणि मग चर पडले. पुढे आक्का पाणलोट समितीत बसल्या.

प्रकल्पाच्या अहवालात या सगळ्याची एक ओळ झाली, अमुक इतके मीटर चर पूर्ण. आमच्या पदवीचं खरं कसब त्या नऊ भेटींत होतं, आणि त्याला रकाना नव्हता.

२०१७ मध्ये मामांची गाडी फारच त्रास देऊ लागली. तिने नवी दुचाकी कर्जावर घ्यायचं ठरवलं. बँकेत फॉर्म १६ मागितला. तिच्याकडे होता १६ अ. हा फरक मलाही तेव्हा नीट माहीत नव्हता, आणि मी तिचा शिक्षक होतो. पगारावर कर कापला तर मालक फॉर्म १६ द्यायचा; सल्लागार म्हणून व्यावसायिक शुल्क दिलं तर १० टक्के कापून १६ अ द्यायचे. तिचं नेमणूकपत्र आम्ही फाइलला लावलं होतं, त्यात दुसऱ्या परिच्छेदात 'सल्लागार' असा शब्द होता. भविष्यनिर्वाह निधी नाही, भरपगारी रजा नाही, प्रसूती रजेचा प्रश्नच नाही. बँकेच्या लेखी ती नोकरदार नव्हती. गाडी शेवटी भावाच्या नावावर घेतली.

मार्च २०१८ मध्ये प्रकल्प संपला. कुणी वाईट वागलं असं नाही. मुदत ठरलेली होती, आणि कंपनीने पुढचा पैसा आपल्या नव्या कारखान्याजवळच्या तालुक्यात वळवला. कायदाच स्थानिक क्षेत्राला प्राधान्य द्या म्हणतो. २०२१ च्या सुधारित नियमांनी तर चालू प्रकल्पाची व्याख्याच करून ठेवली : सुरुवातीचं वर्ष सोडून जास्तीत जास्त तीन वर्षं. गाव बोलायला लागायला दीड-दोन वर्षं जातात. माणच्या त्या गावात पाणलोट समिती स्वतःहून बैठक बोलवायला लागली ती डिसेंबर २०१७ मध्ये. तीन महिन्यांनी आमची ही मुलगी तिथून निघाली.

मधली वर्षं

चार महिने ती घरी होती. स्थळं यायची, आणि पाहुण्यांचा पहिला प्रश्न "पर्मनंट हाय का?" असाच असायचा. मुलगा असता तर त्याला वर्षभर स्पर्धा परीक्षेसाठी पुण्याला पाठवलं असतं, असं ती मला एकदा म्हणाली. तक्रारीचा सूर नव्हता, पण ऐकून मला वाईट वाटलं.

ऑगस्ट २०१८ मध्ये लेखी परीक्षा देऊन एका शासकीय योजनेच्या जिल्हा कक्षात कंत्राटी पद मिळालं, १८,००० रुपयांवर. बाहेरच्या मनुष्यबळ पुरवठादारामार्फत अकरा महिन्यांचं कंत्राट, मध्ये एक दिवसाचा खंड, पुन्हा अकरा महिने. त्या खंडाच्या दिवशी हजेरी लावायची नसते, पण काम थांबत नाही. तिच्याकडे बचत गटांची बँक जोडणी होती, आणि बँकेने नेमका त्याच दिवशी मेळावा ठेवला होता. ती गेली. त्या दिवशी ती कुणाचीच कर्मचारी नव्हती, आणि वाटेत काही झालं असतं तर कुणाच्याच कागदावर ती नसती. २०१९ मध्ये लग्न झालं. सप्टेंबर २०२० मध्ये कंत्राट संपलं आणि नवीन आलं नाही.

त्याच महिन्यात परदेशी देणग्यांच्या कायद्यात मोठी सुधारणा झाली. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आली, आणि एका संस्थेने परदेशी निधी दुसऱ्या संस्थेला देण्यावर बंदी आली. बातम्यांत मोठ्या संस्थांची नावं होती. आमच्या मुलांना फटका बसला तो खालच्या थरात. तालुक्याच्या गावी चार-पाच माणसांवर चालणाऱ्या संस्था मोठ्या संस्थेकडून मिळणाऱ्या वाट्यावर जगत होत्या, आणि नवीन पदवीधराला पहिली नोकरी बहुधा तिथेच मिळायची. तिने अशा तीन ठिकाणी विचारलं. तिन्हीकडे जुन्याच माणसांना कमी करणं चाललं होतं.

जानेवारी २०२१ पासून नऊ महिने तिने एका संस्थेसाठी टॅबवर सर्वेक्षणं भरली. महिना २२,००० रुपये, आजवरचा तिचा सर्वांत जास्त पगार आणि तिच्या शिक्षणाचा सर्वांत कमी उपयोग. घरात जायचं, चाळीस मिनिटांत प्रश्न संपवायचे, जीपीएसची खूण पडली की पुढचं घर. फिरत फिरत ती माणच्या त्याच गावात आली. आक्कांनी ओळखलं, बसायला घोंगडं टाकलं आणि विचारलं, "ताई, औंदा कुठल्या कंपनीकडनं?"

हे सांगताना ती फोनवर थोडा वेळ गप्प झाली होती. गावाने तिला नावाने नाही, निधी देणाऱ्याच्या नावाने ओळखायला सुरुवात केली होती. आक्कांचा त्यात काही दोष नाही. बोलेरोतून वेगवेगळ्या टोप्या घालून येणारी माणसं त्या गावाने दहा वर्षांत बरीच बघितली आहेत.

हिशेब

२०२४ च्या उन्हाळ्यात माजी विद्यार्थ्यांची माहिती पुन्हा गोळा करायची होती, तेव्हा मी तिला सगळे कागद घेऊन बोलावलं. जून २०१५ ते सप्टेंबर २०२१ मध्ये ३४, २६ आणि ९ महिन्यांच्या तीन नेमणुका. त्यानंतर ऑक्टोबर २०२१ पासून चौथी. ती सप्टेंबर २०२४ अखेर ३६ महिन्यांची होणार होती. एकूण १०५ महिने काम, सात महिने रिकामे. बेकार म्हणावी अशी ती कधीच नव्हती. कुठल्याही सहा महिन्यांनंतरच्या सर्वेक्षणात तिच्यापुढे 'कार्यरत' हीच खूण पडली असती.

पण १०५ महिन्यांत साठलं काय? १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्याला एका मालकाकडे सलग पाच वर्षं लागायची. तिची एकही नेमणूक तिथवर पोचली नव्हती, आणि सल्लागाराला तो कायदा मुळात लागूच नव्हता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत ठरावीक मुदतीच्या कर्मचाऱ्यासाठी ही पाच वर्षांची अट राहिलेली नाही, हे चांगलं झालं; पण त्यासाठी आधी कागदावर कर्मचारी असावं लागतं. भविष्यनिर्वाह निधी फक्त दुसऱ्या नेमणुकीचा. अनुभवाची प्रमाणपत्रं तीन, तिन्हींत पदनाम वेगळं, त्यामुळे चौथ्या ठिकाणी तिचा पगार अनुभवी म्हणून ठरलाच नाही. १२,००० वर सुरुवात केलेली मुलगी नऊ वर्षांनी २०,००० वर होती.

ती फाइल बघून मी माझ्या कामात दोन बदल केले. पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या वर्षी प्रत्येक विद्यार्थ्याला फोन करतो, आणि पगाराच्या आधी विचारतो की पत्रावर 'कर्मचारी' आहे की 'सल्लागार'. दुसरं म्हणजे शेवटच्या सत्रात नेमणूकपत्र वाचायला शिकवतो. ब्लॉक प्लेसमेंटला, म्हणजे शेवटच्या सलग क्षेत्रकार्याला, जाण्याआधी प्रत्येकाने एक खरं कंत्राट ओळीओळीने वर्गात वाचायचं. हे अभ्यासक्रमात नाही. मुलं इतर कुठल्याही तासापेक्षा जास्त प्रश्न या तासाला विचारतात.

यापुढचं माझ्या हातात नाही, तरी स्पष्ट सांगतो. चौदाव्या वित्त आयोगानंतर राज्यातल्या प्रत्येक ग्रामपंचायतीला 'आमचं गाव, आमचा विकास' खाली दरवर्षी आराखडा करायचा असतो. शिवारफेरी, गावबैठका, वंचित घटकांच्या गरजा, प्राधान्यक्रम, सगळं त्यात अपेक्षित आहे. आम्ही दोन वर्षं नेमकं हेच शिकवतो. मग पंचायत समितीत या कामासाठी समाजकार्याची पदवी लागणारं एक कायम पद का नसावं? समाजकार्य महाविद्यालयांना अनुदान सामाजिक न्याय विभाग देतो, म्हणजे या मुलांच्या शिक्षणावर सरकारचा पैसा आधीच खर्च झालेला असतो. त्यांना घडवायचं सरकारने, आणि वापरायचं मात्र निधी असेल तेवढे दिवस, हे मला मान्य नाही.

विषय क्रमांक चार

चौथी नेमणूक तिच्याच भागातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीत होती, व्यवस्थापक म्हणून. २०२० मध्ये केंद्राने १०,००० उत्पादक कंपन्यांची योजना आणली. त्यात प्रत्येक कंपनीला तीन वर्षांसाठी १८ लाखांपर्यंत व्यवस्थापन खर्च मिळतो. पुन्हा तीनच वर्षं. पण इथे एक गोष्ट निराळी होती. कंपनीचे मालक तीनशेहून अधिक सभासद स्वतःच होते, आणि संचालकांत सहा बायका. त्यांतल्या चौघींना बचत गटाचं दप्तर लिहायला तिनेच शिकवलं होतं, दुसऱ्या नेमणुकीत.

सप्टेंबर २०२४ च्या बैठकीत विषयपत्रिकेवर चौथा विषय होता 'व्यवस्थापकाचं वेतन'. तिला बाहेर थांबायला सांगितलं. गोडाऊनच्या पायरीवर बसून तिने मला फोन लावला. आतला आवाज फोनवर येत होता. एक बाई बोटं मोजत असाव्यात : वीस हजारांनी वर्षाचे दोन लाख चाळीस हजार. गेल्या हंगामात कंपनीने बाजरी आणि तूर मिळून १,२०० क्विंटल माल विकला होता. म्हणजे क्विंटलमागे २०० रुपये. कुणीतरी म्हणालं, एवढं सुटत नाही. दुसरं कुणी म्हणालं, व्यापारी काट्यात मारतो त्यापेक्षा कमीच आहे. मग बराच वेळ नुसता गलका. खताच्या दुकानाचा नफा त्यात धरायचा की नाही, यावर दोघींचं जुंपलं होतं.

ती म्हणाली, "सर, नको म्हणाल्या तर मी समजून घेईन. त्यांचं खरंच सुटत नाही." मी काहीतरी धीराचं बोललो असेन, आता आठवत नाही.

वीस-पंचवीस मिनिटांनी दार उघडलं आणि तिला आत बोलावलं. फोन तिने तसाच चालू ठेवला. दरमहा १५,००० कंपनीकडून, शिवाय खतविक्रीच्या नफ्यात ठरावीक हिस्सा, आणि नेमणूक मुदतीशिवाय. अध्यक्षबाईंनी इतिवृत्ताची वही तिच्याकडे सरकवली, कारण कंपनीत इतिवृत्त तीच लिहिते. "ल्ही बाई," त्या म्हणाल्या, "आणि पुढं सल्लागार-बिल्लागार काय घालू नगंस."